स्पिरिटची बाटली आणि व्यापाऱ्याची जयणा

बँकेच्या डहाणू शाखेत असताना कॅश क्रेडिटच्या खातेदारांच्या मालाची तपासणी करण्यास मला ठरावीक काळाने जावे लागे. एकदा एका घाऊक दुकानाच्या गोदामात मी पोती मोजली, खोकी मोजली, विवरणपत्राशी आकडे जुळले आणि सही करून परतलो. कापूर-उदबत्तीच्या खोक्यांना टेकून स्पिरिटचे पाच-पाच लिटरचे चार कॅन ठेवलेले होते. त्यांची किंमत मी हिशेबात धरली. त्यांच्या जागेची नोंद मात्र केली नाही. पुढे एके दिवशी कॅनमधून लहान बाटल्या भरत असता काही हातांवर तेवत असलेल्या दिव्यामुळे भडका उडाला. माल थोडाच जळाला आणि त्याची भरपाईही मिळाली. परंतु तलासरीकडच्या पाड्यावरून कामास येणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाची दोन बोटे कायमची आखडली. त्या हाताची भरपाई कोणत्या खात्यात जमा करायची, हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणूनच आपल्या घरात आणि दुकानात सहज आढळणाऱ्या या द्रवाविषयी चार शब्द लिहीत आहे.

आपण ज्याला सरसकट स्पिरिट म्हणतो, ते एकच द्रव्य नसते. सर्जिकल स्पिरिट हे बहुधा पिण्यास अयोग्य केलेले इथाइल अल्कोहोल असते, तर कित्येक जंतुनाशकांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. इंजेक्शनापूर्वी त्वचा पुसणे, थर्मामीटर स्वच्छ करणे, साबण-पाणी नसेल तेथे हात निर्जंतुक करणे, हे त्याचे योग्य उपयोग होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हातांसाठीच्या सूत्रात ८० टक्के इथाइल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. शुद्ध अल्कोहोल अधिक गुणकारी, हा समज चुकीचा आहे. पाण्याचा अंश असल्यामुळेच ते जंतूंच्या प्रथिनांवर नीट परिणाम करते आणि लगेच उडून जात नाही. खोल जखमेवर मात्र ते ओतू नये. जंतूंबरोबर जिवंत पेशींचीही त्यात हानी होते.

आपल्या घरांतून आजही चालणारी एक रीत विशेष घातक आहे. तान्ह्या मुलास ताप आला की आजीबाई स्पिरिटच्या घड्या अंगावर ठेवतात. अंग क्षणभर गार लागते. परंतु बाळाच्या नाजूक त्वचेतून आणि श्वासावाटे अल्कोहोल शरीरात जाते. अशाने मुले बेशुद्ध झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. तापाला डॉक्टरांनी सांगितलेले औषध द्यावे, स्पिरिट नव्हे.

आगीचा धोका तर डोळ्यांना दिसतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते. डहाणूच्या किनाऱ्यावर थंडीतही पारा सहसा त्याहून वरच असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, म्हणून दूरचा दिवाही पुरेसा ठरतो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर दिवे लावण्याचे आवाहन झाले, तेव्हा हातांना सॅनिटायझर लावून दिवा पेटवू नका, अशी सूचना मुद्दाम द्यावी लागली होती. आपल्या पूजेच्या, आरतीच्या वेळीही ती तितकीच लागू आहे.

सर्वांत दुःखद प्रकार म्हणजे हे द्रव पिणे. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असता यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने गुंगी येते, उलट्या होतात, श्वास मंदावतो. मिथाइल अल्कोहोल तर त्याहून भयंकर! काही तास विशेष त्रास जाणवत नाही, नंतर शरीरात तयार होणारे फॉर्मिक आम्ल दृष्टी आणि प्राण दोन्ही घेते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभरावर, तर जुलै २०२२ मध्ये गुजरातेतील बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे अशीच गेली. बोटादच्या प्रकरणातील रसायन तर एका गोदामातूनच बाहेर पडले होते. गुजरातच्या सीमेला लागून आणि महामार्गावर असलेल्या तलासरीच्या व्यापाऱ्याने हे विसरू नये.

जुलै २०२० पासून सॅनिटायझर विकण्यास औषध-विक्रीच्या परवान्याची अट राहिली नाही आणि ते किराणा दुकानांतही आले. परवान्याची अट गेली, तरी जबाबदारी गेली नाही. स्पिरिट सुटे विकू नये. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये. कापूर, आगपेट्या, शेगडी आणि देव्हारा यांपासून ते दूर, हवेशीर जागी ठेवावे. मुदत संपलेला माल काढून टाकावा. एकच गिऱ्हाईक वारंवार बाटल्या नेत असेल, तर नफ्यावर पाणी सोडून नकार द्यावा. नोकरांना लेबल वाचता येत नसेल, तर त्यांच्या बोलीत धोका समजावून सांगावा.

कोणी चुकून प्यायल्यास उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात अथवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात, जे जवळ असेल तेथे, बाटलीसह जावे. डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे. भाजल्यास वाहते गार पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट लावू नये.

श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्पिरिट हे औषधाच्या कपाटात उपयोगी आणि बेफिकीर हातांत विष. पाणी गाळून घेताना, दिवा झाकताना आपण जी जयणा पाळतो, तीच गोदामातही पाळली पाहिजे. आकडे जुळले म्हणजे तपासणी झाली, असे मी एके काळी मानत होतो. आता कोणत्याही दुकानात गेलो की माझी नजर प्रथम दिव्याकडे जाते, आणि मग त्याच्या आसपास काय ठेवले आहे, तिकडे.