मीठ टिकवू न शकणारी बाळे

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी मुख्यतः तीन प्रकारची संप्रेरके बनवतात : आजारपणाचा ताण पेलण्यासाठी कॉर्टिसॉल, शरीरातले मीठ राखण्यासाठी अल्डोस्टेरॉन आणि थोडी पुरुषी संप्रेरके. पहिल्या दोघांना लागणारे ‘21-हायड्रॉक्सिलेज’ हे विकर काही बाळांत जन्मतःच अपुरे असते. कॉर्टिसॉल कमी पडले की पीयूषिका ग्रंथी अधिवृक्कांमागे सतत तगादा लावते. त्या फुगतात, पण अडलेला कच्चा माल तिसऱ्या वाटेने वळतो आणि पुरुषी संप्रेरके बेसुमार वाढतात. हाच ‘कंजेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया’, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘सीएएच’. आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस बाळाला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकांना स्वतःला काहीच त्रास नसल्याने घरात कुणाला शंकाही येत नाही.

तीव्र आजार असलेल्या मुलींची बाह्य जननेंद्रिये गर्भातच मुलासारखी घडू लागतात, म्हणून निदान लवकर होऊ शकते. गर्भाशय व बीजांडे नेहमीसारखीच असतात. त्यामुळे तपासण्यांआधी ‘मुलगा झाला’ असे जाहीर करण्याची घाई करू नये. खरा घात होतो तो मुलांचा. जन्मतः बाळ ठणठणीत दिसते, घरी जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते दूध ओढेनासे होते, उलट्या करते, वजन घटते, ग्लानी येते. लघवीवाटे सोडियम वाहून जाते, पोटॅशियम चढते, रक्तदाब कोसळतो. पोट बिघडले किंवा जंतुसंसर्ग झाला, असे समजून उपचार चालू राहतात आणि मोलाचे तास निसटतात.

हे टाळणारी चाचणी साधी आहे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेला टोचून रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर घेतात आणि त्यात 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, म्हणजे अडून साचलेला तो कच्चा माल, मोजतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा आकडा आजाराविनाही वाढलेला असू शकतो, म्हणून फेरतपासणी लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक नवजातांची तपासणी केली, तेव्हा 5,762 बाळांमागे एकाला हा आजार आढळला. जगात सर्वसाधारण प्रमाण 10 ते 15 हजारांत एक मानतात. गोव्यात 2008 मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू झाली होती. इतका धडा समोर असताना प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी व्हायलाच हवी.

उपचार जन्मभराचे. कॉर्टिसॉलची उणीव भरणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीची पूड करून तान्ह्याच्या मापाच्या पुड्या बांधाव्या लागतात. मीठ गमावणाऱ्या बाळांना अल्डोस्टेरॉनची जागा घेणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन लागते, शिवाय आईच्या दुधातले मीठ पुरत नसल्याने डॉक्टरांनी ठरवलेले मीठ वरून द्यावे लागते. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट-तिप्पट करायचा. उलटीमुळे औषध पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन देऊन तडक रुग्णालय गाठायचे.