साडेचारला संपणारी परिषद

पहाटे ४.३०
डिसेंबरातला शनिवार. आमच्या रोहणा गावात कपाशीची वेचणी चालू आहे, त्यामुळे या वेळेला जागी असणारी मी एकटी नाही. एरवी मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. आज लॅपटॉप घरी ठेवला आणि दोन फोन घेतले. एक माझा, दुसरा परिषदेचा. नागपुरातल्या एका कॉलेजात सॉफ्टवेअर डेव्हलपरांची एक दिवसाची परिषद आहे. तिथे मी भाषण देणार नाही. मी कोड ऑफ कंडक्टच्या टीममध्ये आहे. तिथे कुणी कुणाशी कसं वागावं, कुणाला त्रास झाला तर त्याने कुणाकडे जावं आणि पुढे काय करायचं, हे आमचं काम. दुसऱ्या फोनचा नंबर प्रत्येक बॅजच्या पाठीमागे छापलेला आहे.

५.१५
भाऊ मोटरसायकलवर पुलगावला सोडायला निघतो. आमच्या भागातून पूर्वी पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे धावायची. ती बंद पडल्यापासून एसटी, ऑटो नाहीतर घरची गाडी, याशिवाय चौथा मार्ग नाही. हे सांगण्याला कारण आहे. आयोजकांच्या पहिल्या बैठकीत कार्यक्रम संध्याकाळी सातपर्यंत आणि मग सगळ्यांचं जेवण, असा बेत होता. बेत हौसेचा होता, पण सातला सुटलेली मुलगी नागपूरहून पुलगावला पोचेपर्यंत आर्वीकडे जायला एसटी उरत नाही. मग घरचे म्हणतात, जाऊच नको. ती आली नाही याची नोंदही कुठे होत नाही, कारण तिने नावच दिलेलं नसतं. बैठकीत मी आणि यवतमाळचा एक सहकारी यावरून बराच वेळ भांडलो. परिषद आता साडेचारला संपते. माझ्या मते नियमावलीचं पहिलं कलम म्हणजे वेळापत्रक.

वाटेत भाऊ विचारतो, "दिवसभर फोन वाजलाच नाही तं चांगलंच हाय ना?"

नाही. फोन वाजला नाही म्हणजे सगळं ठीक होतं, असं धरून चालता येत नाही. नंबर लोकांना ठाऊक नसेल, किंवा फोन करून काही उपयोग होईल असा भरवसा नसेल.

६.३०
गाडीत बसायला जागा मिळाली. स्वयंसेवकांना सांगायचे मुद्दे पुन्हा वाचते. असे नियम डेव्हलपरांच्या परिषदांना सुरुवातीपासून नव्हते. व्हॅलरी ऑरोरा आणि मेरी गार्डिनर यांनी २०११ मध्ये एडा इनिशिएटिव्ह ही संस्था काढली आणि छळविरोधी धोरणाचा तयार मसुदा परिषदांच्या हाती दिला. २०१२ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं काम बघणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने ठरवलं की आचारसंहिता नसलेल्या परिषदेला पैसे द्यायचे नाहीत. पैशाची अट आली आणि मग चित्र भराभर बदललं.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदाही आहे. कामानिमित्त स्त्री जिथे जाते ती जागासुद्धा तो कामाचं ठिकाण धरतो. म्हणजे कंपनीने परिषदेला पाठवलं असेल तर तिथला लैंगिक छळ ही कंपनीच्या अंतर्गत समितीकडे नेण्याजोगी तक्रार असते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. हे आमच्या टीममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे, असा माझा आग्रह असतो. पण हा कायदा स्त्रियांसाठी आणि लैंगिक छळापुरता. एखाद्या मुलाच्या चालण्याची नक्कल झाली, कुणाची जात काढली, कुणाच्या इंग्रजीवर हसलं, तर तिथे परिषदेचे स्वतःचे नियमच कामी येतात.

वर्धा स्टेशन येतं. याच गावातलं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये दलितांसाठी खुलं केलं. दार उघडायचा निर्णय दार ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच घ्यावा लागतो, बाहेर उभ्या असलेल्याच्या धीटपणावर तो सोडता येत नाही. नियमावलीकडे मी असंच बघते.

८.३०
कॉलेज. सभागृहाच्या मंचाला तीन उंच पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. आजचा एक वक्ता व्हीलचेअर वापरतो. त्याला चौघांनी उचलून वर न्यायची सूचना आली होती, ती आम्ही मानली नाही. आज मंच रिकामा राहील, सगळेच वक्ते खाली जमिनीवरून बोलतील. पहिल्या रांगेपुढची मोकळी जागा आणि माइकची उंची मी स्वतः तपासून घेतली.

मग नोंदणीचं टेबल. स्वयंसेवक पोरं उत्साही आहेत, पण सवयीने विचारतात, "पूर्ण नाव?" आणि नुसतं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "अन् आडनाव?" आमच्याकडे आडनाव विचारण्यामागे नेहमीच चौकशी असते असं नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायला तेवढं पुरतं. आडनाव, मग गाव, मग "गावात कोणत्या बाजूला?" या तीन प्रश्नांत जात कळते, हे विदर्भात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून बॅजवर माणूस सांगेल तेवढंच नाव लिहायचं. नियमावलीत जात हा शब्द स्वच्छ लिहिला आहे, 'सामाजिक पार्श्वभूमी' असा आडोसा घेतलेला नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी केली. तिथे जे लिहावंसं वाटलं ते नागपुरात लिहायला संकोच कशाचा?

बॅजच्या दोऱ्या दोन रंगांच्या. लाल दोरी म्हणजे माझा फोटो काढू नका. कारण विचारायचं नाही.

९.३०
उद्घाटन. दोन मिनिटं माझी. मराठीतून आणि इंग्रजीतून नियम सांगते, टीममधल्या तिघांना उभं करते, फोन हातात धरून दाखवते. चेहरा पाहिलेला असला की माणूस बोलायला येतो.

११.००
चहा. घोळके जमतात आणि ओळख नसलेली पोरं कप घेऊन भिंतीशी उभी राहतात. एरिक होल्शर नावाच्या डेव्हलपरने यावर सोपा उपाय सांगितला आहे. गोल करून उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडायची, व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी. सकाळी हे सांगितलं होतं, पण सांगून काम भागत नाही. मी दोन घोळक्यांत स्वतः जाऊन उभी राहिले, थोडी सरकले आणि भिंतीशी उभ्या पोरींना हाक मारली.

शेजारच्या खोलीत कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटची कार्यशाळा. एकजण बाजूच्याला म्हणतो, "तुला ब्रँच करता येत नाही? खरंच?" न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटर या प्रोग्रामरांच्या केंद्रात असं आश्चर्य दाखवू नये हा लिहिलेला नियम आहे. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने ऐकलं. पण शिकायला आलेल्याचा हात तेवढ्यानेच कीबोर्डवरून मागे जातो, हे मी पाहिलेलं आहे.

१.१०
जेवणाच्या रांगेत असताना फोन वाजला. पुढचे तपशील बदलून सांगते, कारण ते माझे नाहीत.

एक विद्यार्थिनी. सकाळपासून एक माणूस तिच्याशेजारी येऊन बसतो, इन्स्टाग्रामचं नाव मागतो, तिने नाही म्हटल्यावरही मागतो. लाल दोरी असताना तिचा फोटो काढला. आम्ही दोघी जणी तिच्याबरोबर खोलीत बसलो. आधी पाणी. मग ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, वेळेसह. "तेव्हाच का नाही सांगितलं" हा प्रश्न आमच्याकडे विचारायचाच नाही. शेवटी विचारलं, तुला काय व्हायला हवंय? ती म्हणाली, "फोटो गेला पाहिजे, अन् मले दुपारच्या वर्कशॉपले बसायचं हाय."

त्याच्याशी दोघे बोलले. "मी तं सहज म्हटलं," तो म्हणाला. त्यावर वाद घातला नाही. फोटो आमच्यासमोर पुसला. दुपारच्या कार्यशाळेत तू बसणार नाहीस, आणि पुन्हा तिच्याकडे गेलास तर आवारातून बाहेर जावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. त्याने घरी जाणं पसंत केलं. कायद्याचा मार्ग तिला समजावून सांगितला, समितीचा पत्ता दिला. जायचं की नाही हे ती ठरवेल.

नावं टीमबाहेर कुणालाच कळू नयेत, याला मी फार जपते. २०१३ मध्ये अमेरिकेत पायकॉन या पायथन डेव्हलपरांच्या परिषदेत मागच्या रांगेतल्या द्व्यर्थी विनोदांवरून एका स्त्रीने दोन पुरुषांचा फोटो ट्विटरवर टाकला. त्यातल्या एकाची नोकरी गेली, मग धमक्यांचा पूर आला आणि तिचीही गेली. चटकन ऐकून घेणारी आणि गुप्तता पाळणारी माणसं प्रत्येक सभागृहात असलीच पाहिजेत, हे मी त्यातून घेतलं.

२.३०
जेवण राहिलं होतं, ते उभ्याने उरकलं. एका वक्त्याच्या स्लाइडवर 'मम्मीलाही कळेल इतकं सोपं' असं होतं. समोर दोन बाया अशा बसल्या होत्या की ज्या आईही आहेत आणि डेटाबेसही सांभाळतात. भाषणानंतर त्याला एकट्याला गाठून सांगितलं. स्लाइड्स प्रसिद्ध करण्याआधी ती ओळ काढतो म्हणाला.

३.३०
शेवटचं सत्र, शेतमालाचे भाव दाखवणाऱ्या अ‍ॅपवर. प्रश्नोत्तरात मागून एक मुलगी उठली. "सर, मराठीत विचारू काय?" सूत्रसंचालकाला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, विचार, मी इंग्रजीत सांगतो.

"गावात टावर गेला, अन् दोन फोनवरून एकाच नोंदीत बदल केला. नेट मंग आलं. तं तुमचं अ‍ॅप कोणता बदल खरा धरते?"

सभागृह शांत झालं. वक्ता थोडा थांबला. मग म्हणाला, सध्या जो शेवटी पोचतो तो खरा धरतो आणि आधीचा पुसला जातो. तिने विचारलं, म्हणजे ज्याच्याकडे नेट चांगलं त्याचंच खरं? पुढची दहा मिनिटं सगळे त्याच प्रश्नावर बोलत होते. दिवसभरातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता. इंग्रजीची सक्ती असती तर तो विचारलाच गेला नसता, आणि त्यात खरं नुकसान अ‍ॅप बनवणाऱ्याचं झालं असतं.

४.३०
संपलं. पंधरा मिनिटांत टीमची बैठक, नोंदी कुलपात. स्टेशनकडे जाताना आर्वी-पुलगावकडच्या पोरींना एकत्र केलं.

रात्री ८.४५
घरी. आई म्हणते आधी जेव, मी म्हणते आधी अहवाल, कारण उद्या तपशील पुसट होतील. मागण्या लिहिते. मंचाला रॅम्प. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा, त्याचे पैसे प्रायोजकांकडून सुरुवातीलाच बाजूला काढायचे. बाळ घेऊन येणाऱ्या आईसाठी खोली, एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो तशी.

शेवटची मागणी तारखेची. पुढची परिषद दसऱ्याच्या सुट्टीत घ्यायचं घाटतंय. त्या दिवसांत धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात. नागपुरात राहायला जागा मिळत नाही, गाड्यांत पाय ठेवता येत नाही आणि आमचे कितीतरी स्वयंसेवक घरच्यांबरोबर तिथेच असतात. ही तारीख ठेवली तर आपण त्यांना न सांगता वगळतो आहोत. तारीख बदला, असं लिहून मेल पाठवून दिला.