भागाकार संपत नाही तेव्हा डेटाबेस काय करतो?

१०० रुपये तिघांत सारखे वाटायचे आहेत. प्रत्येकाला ३३.३३ दिले तर बेरीज ९९.९९ होते. एक पैसा कुठे गेला? मुले हा प्रश्न हमखास विचारतात, आणि बँकेच्या किंवा निकालाच्या संगणकालाही तोच प्रश्न पडतो. आज त्याबद्दल पाहू.

भागाकारच का अडतो?

दशांश अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कधीतरी संपतातच. भागाकाराचे तसे नाही. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तरच दशांश खंडित होतो. छेदात ३ किंवा ७ आला की अखंड आवर्ती! म्हणून कुठेतरी थांबावेच लागते.

संगणकाच्या साध्या दशांश हिशोबाची अडचण तर आणखी मोठी. तो द्विमान पद्धतीत चालतो, तिथे फक्त २ हा अवयव चालतो. त्यामुळे ०.१ सुद्धा त्याला अखंड आवर्ती होतो, आणि ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. पैशांच्या हिशोबाला हे चालणार नाही.

मग उपाय?

पोस्टग्रेसक्यूएल या मोफत डेटाबेसमध्ये त्यासाठी 'न्यूमेरिक' हा वेगळा प्रकार आहे. तो संख्या दशांश चिन्हापासून चार-चार अंकांच्या गटांत ठेवतो. १२३४५६.७८ म्हणजे १२ | ३४५६ | ७८००. आपण एकेका अंकाने हातचा घेतो, तो एकेका गटाने घेतो. पद्धत आपलीच, वहीतली!

त्याला २ भागिले ३ विचारा. उत्तर येते ०.६६६६६६६६६६६६६६६६६६६७. वीस स्थळे, आणि शेवटचा ७ पाहा. पुढचा अंक ६ म्हणून शेवटचा अंक एकाने वाढला. पण १ भागिले ३ करून परत ३ ने गुणले, तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९९९९९ येते. मायएसक्यूएलला १ भागिले ३ विचारले तर तो साधारणपणे चारच स्थळे दाखवतो, ०.३३३३. कुठे थांबायचे हा ज्याचा त्याचा नियम.

अर्ध्यावर आलो तर?

२.५ चे काय? न्यूमेरिकमध्ये ३, आणि −२.५ चे −३. पण त्याच डेटाबेसमधल्या द्विमान दशांश प्रकारात २.५ चे बहुतेक संगणकांवर २ होतात, कारण तिथे जवळच्या सम संख्येकडे जायचा नियम आहे. सगळे अर्धे वरच ढकलले तर एकूण बेरीज फुगते, ते टाळायला हा नियम.

एवढ्याशा फरकाने काय होते?

कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तीन स्थळांपुढचे अंक पूर्णांकन न करता नुसते कापले जात. दिवसाला हजारो वेळा! नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास दिसत होता. हिशोब दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला.

आता आपल्या निकालपत्रकाकडे या. ११ चाचण्यांत ८१९ गुण, सरासरी ७४.४५४५… थेट पूर्णांकन केले तर ७४. पण आधी ७४.४५, मग ७४.५, मग ७५ असे टप्प्याटप्प्याने केले तर? मूल विशेष श्रेणीत! शेजारच्या वर्गात थेट केले असेल तर तिथले तेवढेच गुण मिळवणारे मूल मात्र बाहेर.

वर्गात आणि घरी लक्षात ठेवा

१. पूर्णांकन एकदाच, आणि अगदी शेवटी.
२. अर्ध्याचा नियम आधी ठरवा, सगळ्यांना एकच लावा.
३. वाटणीत उरलेला पैसा कोणाला, ते लिहून ठेवा. ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४.

मुलांना कॅल्क्युलेटरवर १ भागिले ३, मग गुणिले ३ करायला सांगा. वेगवेगळ्या मोबाइलवर काय येते ते फळ्यावर लिहा. काहींवर १ येईल, काहींवर कदाचित नाही. का, हे मुलांनाच शोधू द्या.