परिषदेपर्यंत न पोहोचलेले संशोधन

वंध्यत्व उपचारांवरील वैद्यकीय परिषद म्हटली, की औषध कंपन्यांची दालने आणि व्याख्यानांची लांबलचक यादी डोळ्यांसमोर येते. अशा परिषदेचे खरे काम मात्र वेगळे असते. एखाद्या डॉक्टरचा दावा तेथे त्याच विषयातील जाणकारांपुढे मांडला जातो, त्यावर प्रश्नांचा भडिमार होतो आणि त्यातून तो तरला, तर इतरांच्या उपयोगी पडतो. ही संधीच नाकारली गेली तर काय होते, हे डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या कहाणीवरून कळते.

जगातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कोलकात्यात 'दुर्गा' जन्माला आली. डॉ. मुखर्जी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे हे यश होते.

त्यांची पद्धत इंग्लंडमधील पद्धतीहून निराळी होती. तेथे नैसर्गिक मासिक चक्रात तयार झालेले एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बिणीद्वारे काढण्यात आले होते. मुखर्जींनी संप्रेरके देऊन अनेक स्त्रीबीजे वाढवली, ती योनिमार्गे मिळवली, तयार झालेला गर्भ गोठवून ठेवला आणि पुढील एका चक्रात गर्भाशयात सोडला. संप्रेरकांनी शरीरावर झालेला परिणाम तोपर्यंत ओसरावा, हा त्यामागील विचार होता.

राज्य सरकारने नेमलेल्या समितीने मात्र हा दावा फेटाळला. या समितीत प्रजननशास्त्राचा तज्ज्ञ नव्हता. जपानमध्ये क्योटो येथे संशोधन मांडण्याचे निमंत्रण आले, तेव्हा सरकारी सेवेतील मुखर्जींना १९७९ मध्ये परवानगी मिळाली नाही. पुढे त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली. रीतसर नोंदी व शास्त्रीय प्रसिद्धीमुळे तीच देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली. हे श्रेय पुढे खुद्द आनंद कुमार यांनीच नाकारले. १९९७ मध्ये याच विषयावरील परिषदेसाठी ते कोलकात्याला गेले असता मुखर्जींची टिपणे त्यांच्या हाती आली. ती तपासून, पहिला मान मुखर्जींचाच, असे त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिले.

संप्रेरकांचा वापर, योनिमार्गे स्त्रीबीज मिळवणे आणि गर्भ गोठवणे या गोष्टी आज वंध्यत्व उपचार केंद्रांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहेत. गोठवलेल्या गर्भापासून मूल जन्मल्याची जगाला मान्य झालेली पहिली नोंद मात्र १९८४ मधील, ऑस्ट्रेलियातील आहे. मुखर्जींचा दावा खरा की खोटा, हे जाणकारांनी १९७९ मध्येच पारखले असते, तर त्या निर्णयासाठी अठरा वर्षे लागली नसती.