गुण कळले, पण चुका?

1 मेच्या सुमारास प्रगतिपत्रक हातात पडते आणि शाळेला सुट्टी लागते. तिसरीतल्या मुलीला गणितात ब-2 श्रेणी असते, म्हणजे 61 ते 70 टक्के. तिला हातच्याची वजाबाकी जमली नाही, की शाब्दिक उदाहरण वाचून काय करायचे तेच उमगले नाही? हे उत्तरपत्रिकेत दिसते, आणि ती बऱ्याच ठिकाणी शाळेच्या कपाटातच राहते.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. महाराष्ट्राने 2010मध्ये पहिली ते आठवीसाठी त्याची पद्धत ठरवली. वर्षभर शिकवताना करायचे ते आकारिक मूल्यमापन, सत्राच्या शेवटी करायचे ते संकलित. भारांश विचारपूर्वक ठरवला होता. पहिली-दुसरीला आकारिक 70, संकलित 30. पुढे दर दोन इयत्तांनी संकलितचे 10 वाढत जातात आणि सातवी-आठवीला ते 60 होते. लहान मुलाला लिहिण्याआधी बोलता येते, करून दाखवता येते. म्हणून आकारिकमध्ये निरीक्षण होते, तोंडी काम होते, पुस्तक उघडे ठेवून सोडवायची चाचणीसुद्धा होती. ही मांडणी मला आजही योग्य वाटते. ती मोडली नोंदींच्या ओझ्याखाली. भरलेल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद करायची म्हटल्यावर बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली आणि निरीक्षणाऐवजी उतरवून काढणे सुरू झाले.

मग परीक्षेचे वजन पुन्हा वाढले. 2019च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्याने 2023मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही जमली नाही तर तोच वर्ग. परीक्षेला माझा विरोध नाही. सत्रभराचे शिकणे एकत्र जोडून पाहायला ती हवीच. पण त्या दोन महिन्यांतला बराचसा काळ उन्हाळी सुट्टीचा. शाळा बंद असताना त्या मुलाला शिकवणार कोण?

उपयोग करून घेता येईल असे संकलित मूल्यमापन पहिल्या सत्राचे. ते दिवाळीच्या आसपास होते आणि पुढचे सत्र अख्खे हातात असते. तेव्हा पालकांनो, दिवाळीनंतर शाळेत जाल तेव्हा श्रेणी विचारू नका. उत्तरपत्रिका मागा, बाईंच्या शेजारी बसून ती वाचा, आणि कोणती चूक कधी पुन्हा शिकवली जाणार ते ठरवूनच घरी या.