मस्करीच्या पांघरुणाखाली

एका मुलाने किंवा मुलांच्या टोळक्याने दुसऱ्या मुलाला रोज, ठरवून, चारचौघांत हिणवीत राहावे, त्याचा डबा लपवावा, दप्तर चिखलात टाकावे, त्याच्याशी कोणी बोलू नये असा फतवा काढावा, आणि हे महिनोन्महिने चालावे, या प्रकाराला मराठीत एक नेमका शब्द नाही. ‘खोडी’ म्हणावे तर ती एकदा काढली की संपते. ‘दादागिरी’ म्हटले की डोळ्यांसमोर रस्त्यावरचा गुंड येतो. ‘रॅगिंग’ हा शब्द महाविद्यालयाच्या वसतिगृहाबाहेर फारसा पडत नाही. उरते ती ‘मस्करी’, आणि घरात, वर्गात, शिक्षकांच्या खोलीत बहुधा तोच शब्द वापरला जातो. शब्द सौम्य असला की गुन्हाही सौम्य वाटू लागतो. आणि ज्याच्यावर तो घडतो त्याला तर आपले दुःख सांगायलाही शब्द उरत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

वस्तुतः मस्करी आणि छळ यांतील सीमारेषा ओळखणे फारसे अवघड नाही. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो डॅन ओल्व्हेयस या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने, १९७० नंतरच्या दशकात. त्याने तीन खुणा सांगितल्या: दुखविण्याचा हेतू, पुनरावृत्ती, आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत. दोन तुल्यबळ मुलांचे मैदानावरचे भांडण म्हणजे छळ नव्हे. ते संध्याकाळपर्यंत मिटतेही. ज्या थट्टेला दोन्ही बाजू हसतात ती थट्टा, आणि जिला एकच बाजू हसते ती दुसरे काहीतरी. ओल्व्हेयसच्या अभ्यासाकडे सरकारचे लक्ष जायला मात्र अनर्थ घडावा लागला. १९८२ मध्ये उत्तर नॉर्वेतील तीन मुलांनी सोबत्यांच्या छळामुळे आत्महत्या केल्याचे मानले गेले, आणि १९८३ मध्ये त्या देशाने सर्व शाळांसाठी मोहीम उघडली. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील जवळजवळ तिघांपैकी एका विद्यार्थ्याने मागील महिन्याभरात असा छळ सोसलेला असतो.

हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडची मुले अशी नसतात, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. संन्याशाची मुले म्हणून ज्ञानदेवादी भावंडांनी जे सोसले ते सर्वांना ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमराव आंबेडकरांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुले ते उचलण्यास धावली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आला आहे. त्या वर्गात कोणी एक ‘खलनायक’ नव्हता. सारा वर्गच उठला होता. मुलांनी ते घरातून आणले होते, आणि वर्गात ते करण्यास त्यांना कोणी हरकत घेतली नाही. सोबत्यांकडून होणाऱ्या छळाचे खरे स्वरूप या एका प्रसंगात जितके दिसते तितके पुष्कळ ग्रंथांत दिसणार नाही.

आणि ज्यांच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्याचे नाव जगाला ठाऊक झाले, त्या गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे की, शाळकरी वयात ते शाळा सुटताच घराकडे पळत सुटत. कोणाशी बोलणे नको, आणि कोणी आपली टर उडवील ही भीती! राजकोटच्या रस्त्याने पळणारा तो लाजाळू मुलगा आजही रोज पळतो आहे.

वर्धा जिल्ह्यात तो कोठे दिसतो? वर्गात क्वचितच. शिक्षक फळ्याकडे वळले आहेत एवढ्या अवधीत, मधल्या सुट्टीत नळापाशी, मुताऱ्यांच्या आडोशाला, वसतिगृहात दिवे मालवल्यावर, आणि विशेषतः एस. टी. च्या गाडीत. खेड्यातील जिल्हा परिषदेची शाळा संपली की समुद्रपूर, सेलू, देवळी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतील मुले मोठ्या गावाच्या विद्यालयात जाऊ लागतात. आपल्या गावच्या शाळेत जो हुशार म्हणून ओळखला जातो, तो येथे एकदम ‘खेड्यातला’ ठरतो. त्याची वऱ्हाडी बोली, पायांतल्या चपला, बापाचा धंदा, आडनावावरून काढलेली जात, वर्ण, उंची, तोतरेपणा, यांपैकी काहीही चालते. पारधी वा अन्य भटक्या जमातींच्या मुलाच्या बाबतीत तर वर्गात पेन हरवले की साऱ्या माना आपोआप त्याच्याकडे वळतात. मुलींत मारहाण कमी, पण अबोला, कुजबुज आणि वगळणे यांची धार अधिक. अलीकडे मोबाइलने यात भर टाकली आहे. पूर्वी घरी पोहोचल्यावर निदान रात्रीपुरती सुटका होई. आता वर्गाच्या गटावर टाकलेले विद्रूप केलेले छायाचित्र अंथरुणापर्यंत येते.

मूल हे घरी का सांगत नाही, असे पालक विचारतात. सांगून पाहिलेले असते, हे त्याचे उत्तर आहे. ‘लक्ष देऊ नकोस’ असे त्याला सांगितले जाते. जणू लक्ष देणे न देणे त्याच्या हाती आहे. किंवा ‘तूही एक ठेवून दे’ असे सांगितले जाते. ते त्याला करता आले असते तर त्याची निवडच झाली नसती. सर्वांत घातक तो तिसरा प्रश्न: ‘पण तू काय केले होतेस?’ या एका प्रश्नाने मूल कायमचे मिटते. पोट दुखते, डोके दुखते, शाळेत जायचे नाही, वही हरवली, पैसे हरवले, ही मग त्याची भाषा होते, आणि ती ओळखण्याचे काम मोठ्यांचे आहे. त्याला प्रथम एवढेच ऐकायचे असते की, घडले ते खरे मानले गेले आणि दोष त्याचा नाही. पुढे कोणाला सांगायचे, केव्हा सांगायचे, हे त्याला विचारून ठरवावे. न विचारता शाळेत जाऊन आरडाओरडा करणारा बाप मुलाची दुसऱ्या दिवशीची सकाळ अधिक बिकट करतो. ज्यांना घरीही सांगता येत नाही, त्यांच्यासाठी १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी आहे. तो क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावयास हवा.

शिक्षकांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. वर्गातील निम्मी टोपणनावे टेबलाच्या पलीकडून येतात. ‘जाड्या’, ‘मठ्ठ’, ‘लंगोटीबहाद्दर’ असे गुरुजींनी विनोदाने म्हणावे, वर्गाने हसावे, आणि ते नाव शाळा सुटेपर्यंत त्या मुलाला चिकटावे, असे सर्रास घडते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे म्हणून जातीनिहाय मुलांना उभे करणे हेही त्यातलेच. ती माहिती कार्यालयात शांतपणे घेता येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, हे अनेक शिक्षक-खोल्यांत अद्याप पोहोचलेले नाही.

कायद्यांची उणीव नाही. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, वसतिगृहे व अनाथालयेही त्याच्या व्याख्येत येतात, आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुख अपराधाला साहाय्य करणारा मानला जातो. शाळांत तक्रारपेट्याही लागल्या. परंतु ती पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, सर्वांच्या देखत असते. तिच्यात चिठ्ठी टाकणारा मुलगा ती टाकतानाच उघडा पडतो. शिवाय कायदा एका अपराध्याला शोधतो. एल्फिन्स्टनच्या वर्गात तो सापडला नसता.

फिनलंडमधील ख्रिस्टिना साल्मिव्हाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात नेमके हेच दाखविले. छळणारा एक-दोघांच्या बळावर नव्हे, तर हसणाऱ्या आणि गप्प राहणाऱ्या वर्गाच्या बळावर छळतो. त्या देशाच्या शाळांतील योजना म्हणूनच प्रेक्षकांना बदलण्यावर भर देते. हे वाचले की वर्ध्याचीच आठवण होते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून नयी तालीम उभी राहिली. तिचा उल्लेख आज सूत-कताईपुरता उरला आहे. पण सेवाग्रामच्या त्या शाळेत आशादेवी व आर्यनायकम् यांच्या काळात मुले एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र संडास सफाई करीत, आणि आपल्यातूनच सफाई, आहार, आरोग्य यांचे ‘मंत्री’ निवडून सभेत त्यांना जाब विचारीत. ज्याच्या हातची भाकरी खायची, त्याचा डबा दूर सारणे कठीण जाते. आणि ज्या सभेत स्वयंपाकाच्या चुकीविषयी बोलण्याची सवय झालेली आहे, तेथे एखाद्याला वाळीत टाकल्याविषयीही कोणीतरी बोलण्याची शक्यता असते. चरखा नसला तरी आठवड्यातून एक तास वर्तुळात बसून अशी सभा भरविण्यास कोणत्याही शाळेला पैसा लागत नाही.

छळणाऱ्या मुलाचे काय करावे? बडवावे, हे आपले जुने उत्तर आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर एक सतरा वर्षांचा दांडगा, भांडखोर मुलगा होता. एकदा गांधीजींनी त्याला रूळ मारला. मारताना त्यांचा हात कापत होता. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली आणि पुन्हा अवज्ञा केली नाही. म्हणजे उपाय लागू पडला! तरीही त्या मारण्याचा आपल्याला पस्तावा आहे, असे गांधीजींनी अनेक वर्षांनी लिहिले. वर्गातील दांडगटाला छडीने वठणीवर आणणारा शिक्षक उरलेल्या वर्गाला हेच शिकवितो की, ज्याच्या हाती बळ त्याचे खरे. घरी रोज मार खाणारा मुलगा शाळेत मारतो, असेही पुष्कळदा आढळते. त्याला झालेल्या नुकसानीची भरपाई करावयास लावणे, त्याच्या पालकांना एकटे बोलाविणे, त्याच्या अंगातील बळाला जबाबदारीचे काम देणे, हे छडीपेक्षा वेळखाऊ आहे आणि एका शिक्षकामागे साठ मुले असताना तर फारच. शिक्षकांची ही अडचण खरी आहे, ती नाकारून उपदेश करण्यात अर्थ नाही.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. नव्या वर्गातील उतरंड पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ठरून जाते: कोण मागच्या बाकावर, कोणाचे नाव काय, कोणाशी कोणी बोलायचे नाही. त्या काळात बाके दर आठवड्याला बदलावीत, मधल्या सुट्टीत एका शिक्षकाने नळापाशी उभे राहावे, आणि पाचवी-आठवीत नव्याने आलेल्या मुलांच्या एस. टी. तून एखाद्या दिवशी कोणीतरी गुरुजींनी किंवा बाईंनी प्रवास करावा. वाहकाला विचारले तर कोणत्या गावचा मुलगा रोज दाराशी उभा राहून येतो, हे तो सांगू शकेल.