मेल्यावर काय होतं, ते आधी बघा

जालन्यात पेरणीच्या तोंडावर बियाण्यांच्या दुकानात कपाशीची पाकिटं रचलेली दिसतात. बहुतेकांवर तेच टपोरं पांढरं बोंड. शेतकरी मात्र चित्र बघून पाकीट उचलत नाही. वाण किती दिवसांचा, जमीन कोणती लागते, पाण्याचा ताण सोसतो का, हे विचारूनच पिशवीत टाकतो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली त्या या शहरात ही चौकशी अंगवळणी पडलेली आहे. घरातल्या पोरांच्या ‘ॲक्शन आरपीजी’ खेळांनाही ती तितकीच लागू पडते. पोस्टरवर सगळीकडे तेच: हातात तलवार, समोर अक्राळविक्राळ राक्षस, मागे पेटलेला किल्ला. खेळ मात्र आतून अगदी वेगळे.

ॲक्शन रोल-प्लेइंग गेम हे दोन गोष्टींचं मिश्रण असतं. ॲक्शन म्हणजे खेळणाऱ्याच्या हाताची चपळाई: वार कधी करायचा, कधी चुकवायचा. रोल-प्ले म्हणजे पात्राची वाढ: लेव्हल चढते, ताकद वाढते, नवी शस्त्रं मिळतात. खेळणारा शिकतो की पात्र बळकट होतं, यातलं कशाचं पारडं जड, यावर सगळा फरक ठरतो.

अमेरिकेत 1996च्या अखेरीस आलेल्या ‘डायब्लो’ने यातला एक मोठा रस्ता पाडला. सुरुवातीला तो आळीपाळीने खेळायचा होता; आधी खेळणाऱ्याची चाल, मग राक्षसाची. खेळ प्रकाशित करणाऱ्या कंपनीतून आग्रह झाला की सगळं एकाच वेळी चालू द्या. खेळाचे एक प्रमुख निर्माते डेव्हिड ब्रेविक यांना ते पटलं नव्हतं. तरी त्यांनी एका दुपारी कोड बदलून पाहिला. समोरच्या सांगाड्यावर माउसने क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि त्याने एका फटक्यात सांगाड्याचा चुराडा केला. पुढे काय करायचं हे तिथेच ठरलं.

या घराण्यातल्या खेळांचा जीव ‘लूट’मध्ये असतो. राक्षस पडला की जमिनीवर तलवारी, अंगठ्या, चिलखतं विखुरतात आणि आधीच्यापेक्षा सरस काय ते हुडकायचं. पण इथेही खेळागणिक स्वभाव बदलतो. ‘डायब्लो 2’ (2000) मध्ये एकदा दिलेला कौशल्याचा गुण बरीच वर्षं परत घेता येत नसे. ती सोय 2010 साली आली. ‘डायब्लो 3’ (2012) मध्ये कौशल्यं हवी तशी बदलता येतात. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने (2013) तर कौशल्यांच्या हजाराहून जास्त ठिपक्यांचं एकच अवाढव्य झाड सर्व पात्रांपुढे ठेवलं. त्यात 2024पर्यंत सोन्याची नाणीही नव्हती. ज्या गोळ्यांनी वस्तू सुधारायच्या, त्याच चलन म्हणून वापरायच्या. लढाईइतकाच वेळ आखणीत जातो. ज्याला हिशेब मांडायला आवडतो, त्याच्यासाठी हा खेळ मेजवानी आहे.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने दुसरा रस्ता धरला. ‘डार्क सोल्स’ (2011) मध्ये प्रत्येक वाराला दम खर्च होतो. दम संपला की ढालीवर वार झेलणंही कठीण. मेलं की कमावलेले ‘सोल्स’ मेल्या जागी पडून राहतात आणि मारलेले बहुतेक शत्रू पुन्हा उभे राहतात. त्यांच्यातून वाट काढत तिथे पोहोचलं तर कमाई परत मिळते. वाटेत पुन्हा मेलं तर कायमची जाते. पात्राचे आकडे वाढवता येतातच, पण खरी वाढ खेळणाऱ्याची होते, कारण शत्रूचा वार कुठून येतो हे त्याला पाठ झालेलं असतं.

त्याच कंपनीच्या ‘सेकिरो’ने (2019) आकड्यांचा हा आधारही बराच काढून घेतला. चिलखत निवडायचं नाही, ताकदीचे गुण हवे तसे वाटायचे नाहीत. समोरच्याचा वार तलवारीवर नेमक्या क्षणी अडवायचा आणि त्याचा तोल मोडायचा. ‘डार्क सोल्स’मध्ये एखादा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, भारी पडला तर दुसरीकडे जाऊन लेव्हल वाढवून येता येतं. ‘सेकिरो’मध्ये ती पळवाट फारशी नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ 2020 साली आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाला शोधायला राजी निघते आणि दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. कथेचे काही भाग छायाबाहुल्यांतून उलगडतात. कोकणातल्या पिंगुळी गावच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्यांना ही रीत चटकन ओळखीची वाटेल. राजी खांबांवर चढते, भिंतीवरून झेपावते, शस्त्रांना विजेची किंवा अग्नीची शक्ती जोडते. पण इथे लुटीचे ढीग नाहीत आणि शेकडो लेव्हलही नाहीत. त्यामुळे ‘राजी’ ॲक्शन-ॲडव्हेंचरकडे झुकतो. ‘डायब्लो’च्या अपेक्षेने तो उघडणाऱ्याची निराशा होईल, एका सुट्टीत संपणारी, देखणी, आपल्याकडची गोष्ट म्हणून उघडणाऱ्याचा वेळ सार्थकी लागेल.

पैशाचा प्रश्नही खेळाच्या घडणीशी जोडलेला आहे. ‘डायब्लो 3’मध्ये खऱ्या पैशांनी शस्त्रं विकत घेता येणारा लिलाव-बाजार होता. चांगली तलवार बाजारातच मिळू लागल्यावर राक्षस मारण्यातली गोडी कमी झाली आणि 2014 साली कंपनीने तो बाजार बंद केला. मोबाइलवर चालणाऱ्या ‘गेनशिन इम्पॅक्ट’ (2020) ला प्रवेशमूल्य नाही, पण नवी पात्रं बहुतांशी नशिबाच्या सोडतीतून निघतात आणि जास्त सोडतींसाठी पैसे मोजता येतात. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ही फुकट आहे, तिथे पैसे लागतात ते सजावटीला आणि सामान ठेवायच्या जास्तीच्या कप्प्यांना.

म्हणून अंबडच्या किंवा परतूरच्या घरात मुलाने नवा खेळ मागितला, तर ट्रेलर बाजूला ठेवून कुणीतरी प्रत्यक्ष खेळत असल्याचा व्हिडिओ अर्धा तास सोबत बसून बघावा. पात्र मेल्यावर काय हातचं जातं? जिंकायला सराव लागतो की भारी शस्त्र? चुकलेली निवड बदलता येते का? पैसे कुठे मागितले जातात? एवढी उत्तरं मिळाली की खेळ घ्यायचा की नाही, हे मुलाशी बोलून त्याच बैठकीत ठरवता येतं.